कमान उतरवून घ्या

मी कमानीतला मधला दगड बोलतोय. अहो, इकडंतिकडं काय बघताय? वर बघा. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमचं कॉलेज आहे ना, त्याच्या दर्शनी कमानीच्या माथ्यावर बरोबर मध्ये जो काळा दगड दिसतोय, तो मी. माझ्या डाव्या अंगाला दहा दगड, उजव्या अंगाला दहा. ते वीसही जण माझ्यावर रेलून असतात. पाथरवट मला ‘चावी’ म्हणतात. मी निघालो की कमान संपली. त्यामुळं माझ्यात थोडा ताठा आहे आणि तो मी लपवत नाही. शंभर वर्षं वीस जणांना अंगावर घेऊन दाखवा, मग बोलू.

आता आजच बोलावंसं का वाटलं? तर गेलं वर्षभर माझा जीव टांगणीला लागला होता आणि परवाच तो भांड्यात पडलाय. सुटका झाली की माणसं नाही का उगाच बडबड करत? तसंच समजा.

माझा जन्म इथल्याच डोंगरातल्या खाणीतला. अर्जुना नावाच्या पाथरवटानं मला घडवलं. बाकीचे दगड तो दिवसाला एक काढायचा, माझ्याशी मात्र अकरा दिवस झटत होता. त्याची बायको हरणाबाई दुपारची भाकरी घेऊन यायची आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघायची.

“आवं, त्या एका दगडाचं किती लाड? घरात लेकराचं बी न्हाईत एवढं.”

“ह्यो मधला हाय,” अर्जुना म्हणायचा. “ह्यो नीट बसला की बाकीचं आपसूक बसत्यात.”

शेवटच्या दिवशी त्यानं एक गंमत केली. माझ्या पाठीवर, भिंतीच्या आत जाणाऱ्या बाजूला, छिन्नीनं एक छोटंसं हरण कोरलं. बोटाएवढं. हरणाबाईनं ते बघितलं आणि लाजून “काय बाई येडेपणा!” म्हणाली. दुसऱ्या दिवशी मला हळदकुंकू लावून वर बसवलं आणि ते हरण भिंतीत गेलं. त्यानंतर ते कुणालाच दिसलं नाही.

मला बसवताना तिथल्या ओव्हरसियरनं विचारलं होतं, मजबुतीला दोन लोखंडी पट्ट्या घालू या का म्हणून. अर्जुना म्हणाला, “नगं साहेब. लोखंड गंजतंय, आन् गंजलं की फुगतंय. गूळ घातलेला चुना पुरं हाय.” ओव्हरसियरनं ऐकलं. एवढं वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर अशी ती इमारत उभी राहिली. कौलारू छपराचे दोन लांब पंख, मध्ये सागवानी जिना, ग्रंथालयाला उंच लाकडी तक्तपोशी आणि चारी बाजूंनी काळ्या दगडाचा व्हरांडा. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असतं, तेव्हा या व्हरांड्यात चपला काढून चालावंसं वाटतं. नवीन इमारतीत पंखे फिरतात आणि पोरं अभ्यासाला इकडं येऊन बसतात. काय सांगायचं, ते बघून मला बरं वाटतं.

पोरं कुठून कुठून आली! कवठे महांकाळातून आली, शिराळ्यातून आली, माणातून तर घोंगडं खांद्यावर टाकून चालत आली. माणातला गुंडा नावाचा मेंढपाळाचा पोरगा मला अजून आठवतो. पहिल्या दिवशी सकाळी नऊला आला आणि दुपारपर्यंत माझ्याखाली उभाच. आत जायला पाय रेटेना. शेवटी तेव्हाचा शिपाई म्हणाला, “आरं, कमान हाय गड्या, वाघ न्हाई. जा की आत!”

तीन वर्षांनी पास होऊन जाताना त्याच गुंडानं कंपासच्या टोकानं कमानीच्या खालच्या दगडांवर नाव कोरलं. ‘गुं’ एका दगडावर बसलं, ‘डा’ला जागा उरली नाही, म्हणून तो शेजारच्या दगडावर गेला. झालं, मग तीच रीत पडली. दरवर्षी पास झालेलं कुणीतरी हाताला येईल तिथं नाव कोरायचं आणि बहुतेकांचं नाव असंच सांध्यावरून पलीकडं सांडायचं. मला असा संताप यायचा! आमच्या अंगावर अर्जुनानं घेतलेली घडाई आणि हे गुंडे खुशाल ओरखडे काढतात. मी त्यांना मनातल्या मनात फार बोललोय.

वर्गातलं सगळं मला ऐकू येतं. शंभर वर्षांत मी सगळ्यात जास्त काय ऐकलं असेल, तर ‘उतरवून घ्या’. मास्तर फळा भरून लिहिणार आणि हात झटकत म्हणणार, उतरवून घ्या. की साठ पेना खरडायला लागल्या. मास्तरांच्या तोंडी उतरवून घेणं म्हणजे बघून वहीत काढणं. पण हाच शब्द पाथरवटाच्या तोंडी आला की त्याचा अर्थ वेगळा. डोक्यावरची पाटी उतरवून घ्या, कौलं उतरवून घ्या, दगड उतरवून घ्या. मी पाथरवटाच्या हातचा आणि मास्तरांच्या शेजारचा, म्हणून मला दोन्ही कळतात. या एका शब्दानं पुढं आमचा कसा घाम काढला, ते सांगतोच.

त्याआधी माझ्या दुखण्याचं सांगतो.

कॉलेजला पन्नास वर्षं झाली तेव्हा लोकांना भलताच उत्साह आला. दिव्यांची मोठी पाटी करायची, ‘सुवर्णमहोत्सव’ अशी, आणि ती लावायची कुठं, तर माझ्या कपाळावर. पाटी जड. मग कुणीतरी दोन लोखंडी गज आणले आणि माझ्या दोन्ही कुशींतल्या सांध्यांत घणानं ठोकले. अर्जुनाचा चुना फुटला. मी कळवळलो, पण दगडाचं कळवळणं कुणाला ऐकू जातंय! पहिल्याच संध्याकाळी ‘सु’चे दिवे गेले आणि तीन दिवस सगळ्या गावानं ‘वर्णमहोत्सव’ वाचला. मला तेवढंच समाधान.

पुढं पाटी काढली, पण गज तसेच राहिले. बाहेरची टोकं कापली, वर सिमेंट लिंपलं आणि लोक विसरून गेले. मी कसा विसरणार? गज आत गंजत गेले, फुगत गेले. दोन्ही बाजूंनी मला दाबत राहिले. आधी केसाएवढी भेग पडली, मग बोट जाईल एवढी. मी तसूभर खाली आलो. खरं सांगतो, मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. वाटायचं, आपणच ढिले पडलो. अर्जुनानं अकरा दिवस उगाच घालवले.

गेल्या वर्षी कुठले तरी साहेब तपासणीला आले. खाली उभं राहून मोबाइलवर माझे फोटो काढले, चहा घेतला, गेले. अहवालात लिहिलं की पाया खचलाय, त्यामुळं कमानीची चावी सरकलीय, जुनी इमारत धोक्याची आहे, पाडून टाकावी. चावी सरकली म्हणे! माझ्या नावावर अख्खी इमारत पाडायला निघाले.

संस्थेचे अध्यक्ष इंद्रजितराव वाईट माणूस नाही. ऊसवाल्या घरातले, फौजेत सुभेदार होते, बोलायला सरळ. ते म्हणाले, “उद्या एखाद्या लेकराच्या डोक्यात दगड पडला, तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू? पाडा.” त्यांचं म्हणणं मला पटत होतं, हीच मोठी अडचण होती.

आडवी आली ती एकटी राजेश्वरी. ही शिराळ्याची पोर, बारावीपर्यंत इथंच शिकली. आता पुण्यात असते आणि जुन्या इमारती दुरुस्त करायचं काम करते. ती अध्यक्षांसमोर उभी राहून म्हणाली, “मला एक महिना द्या. इमारतीची सगळी मापं घेते, चित्रं काढते आणि दुरुस्ती कशी होईल ते मंडळासमोर मांडते. नाही पटलं, तर पाडा. मी परत तोंड उघडणार नाही.” अध्यक्षांनी महिना दिला. प्रांजल नावाच्या विद्यार्थिनीला आणि तिच्या मैत्रिणींना हाताशी धरून राजेश्वरीनं काम सुरू केलं. टेपा लावून पोरी व्हरांडे मोजायच्या, जिना कागदावर काढायच्या. कमान तेवढी राहिली होती आणि मंडळाची बैठक सोमवारवर आली होती.

बुधवारी राजेश्वरीनं पुण्याहून शिपाई धनाजीला फोन लावला. धनाजीला कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून तो माझ्याखाली उभा राहून फोन स्पीकरवर टाकतो. त्यात शेजारी कोंडीबा कुंपणाची भिंत दुरुस्त करत होता. हा कोंडीबा साठीतला पाथरवट. त्याच्या कटरची घरघर चालू.

फोनमधून राजेश्वरी म्हणाली, “धनाजीकाका, प्रांजलला सांगा, सोमवारच्या आत कमान उतरवून घ्या म्हणावं. दगड न् दगड. एकही सुटता कामा नये.”

‘प्रांजल’ कटरच्या आवाजात गेली. बाकीचं धनाजीनं शब्द न् शब्द ऐकलं आणि तो तसाच कोंडीबाकडं गेला.

“कोंडीबा, म्याडमचा फोन आल्ता. कमान उतरवून घ्या म्हणल्यात. सोमवारच्या आत.”

कोंडीबानं कटर बंद केला. “उतरवायची? समदी?”

“दगड न् दगड. एक बी सुटता कामा नये.”

“आरं, पण म्याडम तर कमान राखायची म्हणत हुती न्हवं?”

“राखायलाच उतरवत्यात आसंल. शिकल्याली मानसं, त्यांचं आपल्याला काय कळतंय?”

अहो, मी वर बसून सगळं ऐकतोय! दोन्ही अर्थ कळणारा त्या आवारात मी एकटा आणि मलाच तोंड नाही. कुणीतरी एक फोन उलटा लावा रे, एकदा विचारा रे! पण कोंडीबा माझ्याकडं बघत हनुवटी खाजवत होता. त्याला ते काम पटलं होतं, तेच खरं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “भेग बघून माझा बी जीव खालवर हुत हुता. पर ध्यानात घे धनाजी, पाडायची न्हाई, उतरवायची हाय. जेसीबी आवारात आनायचा न्हाई. मला लाकडाचा साचा आन् दोन गडी दे.”

गुरुवारी खाली लाकडी साचा बसला, म्हणजे आमचं वजन त्याच्यावर गेलं. प्रांजल आणि तिच्या मैत्रिणींना वाटलं, राजेश्वरीनंच हे करायला सांगितलंय. शुक्रवारी वरचा कठडा निघाला. शनिवारी सकाळी कोंडीबा शिडी चढून माझ्यापाशी आला. त्यानं माझ्या अंगावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, “चल गड्या, लय उभा राह्यलास.”

पहारीनं त्यानं मला असा अलगद चाळवला की मी मनातल्या मनात म्हटलं, हा अर्जुनाच्याच जातकुळीतला हात. साखळीनं मला खाली घेतलं, बारदानावर टेकवलं. शंभर वर्षांनी माझ्या पाठीला ऊन लागलं. कोंडीबानं ते हरण बघितलं. बराच वेळ त्यावर अंगठा फिरवत बसला. “कुनाचं रं हे काम?” एवढंच विचारलं. मी काय सांगणार!

आणि मग त्याचं लक्ष माझ्या कुशीकडं गेलं. तिथं ते गजाचं थोटूक अडकलेलं होतं, गंजून मनगटाएवढं झालेलं. कोंडीबानं ते उपटून काढलं. तुम्हाला सांगतो, मला एवढं हलकं वाटलं, एवढं हलकं! अर्ध्या शतकाचा काटा निघाला हो. कोंडीबानं दुसरा गजही काढला, दोन्ही फडक्यात बांधून ठेवले.

रविवारपर्यंत एकवीसही दगड खाली आले. कोंडीबानं आम्हाला आवारातल्या गवतावर, होतो त्याच क्रमानं, कमानीसारखंच निजवलं. धनाजीनं सगळीकडं झाडून घेतलं. दोघंही खुशीत होते. म्याडम आल्या की शाबासकी देतील म्हणून धनाजीनं स्वच्छ शर्ट घातला.

सोमवारी राजेश्वरी गाडीतून उतरली. मागोमाग इंद्रजितराव आणि मंडळाची माणसं. फाटकातून आत आली आणि जागच्या जागी थांबली. समोर दोन खांब आणि मध्ये नुसतं आभाळ. मग तिला आम्ही दिसलो, गवतात निजलेले. तिच्या हातातली कागदांची गुंडाळी खाली पडली.

“काका, हे काय केलंत? मी कमान उतरवून घ्या म्हटलं होतं!”

“मंग उतरवलीच की, म्याडम!” धनाजी म्हणाला. “दगड न् दगड. एक बी सुटला न्हाई.”

“कागदावर, काका! कागदावर!”

मंडळातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. राजेश्वरी पायरीवर मटकन बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धनाजीनं तर रडायचंच बाकी ठेवलं होतं. इंद्रजितराव कपाळ चोळत म्हणाले, “पोरी, तुझ्यावर माझा राग नाही. पण आता वाद कसला? अर्धं काम तुमच्याच माणसांनी केलं. उरलेलं उद्या पाडून घेऊ.”

एवढं बोलून ते वळलेसुद्धा. मी गवतात पडलेला, पाठ उन्हात, तोंड खाली. वाटलं, संपलं. ग्रंथालय गेलं, जिना गेला, व्हरांडा गेला. आणि निमित्त मी.

तेवढ्यात कोंडीबा पुढं आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, पण आवाज खणखणीत होता.

“साहेब, चूक माझी. शिव्या मागनं घाला, मी कुठं पळून जात न्हाई. आधी हे बघा.”

त्यानं फडकं सोडलं. गंजलेले गज इंद्रजितरावांच्या पुढ्यात धरले. “ह्ये हुतं चावीच्या कुशीत. ह्येनं फुगून भेग पाडली. पाया खचलाय म्हणत्यात, व्हय? तर मी दोन्ही खांबांना पानी लावून बघितलंय. पानसळीत हायत, येका पातळीत. तुमी तुमच्या डोळ्यांनी बघा.”

पाणी भरलेली पारदर्शक नळी त्यानं एका खांबाला लावली, दुसरं टोक दुसऱ्या खांबाला. इंद्रजितराव आधी नाराजीनंच वाकले. मग नीट वाकले. मग गुडघा टेकून बसले. फौजेत त्यांनी पूल उभे केले होते, त्यांना नळीतलं पाणी वाचता येत होतं. या खांबाच्या खुणेवर पाणी जिथं, त्या खांबाच्या खुणेवर तिथंच. शंभर वर्षांत पाया सुताएवढाही बसला नव्हता.

त्यांनी गज हातात घेऊन तोलला. नखानं गंजाचा पापुद्रा काढला. “आणि हे कमानीत कुणी ठोकलं होतं?” असं स्वतःशीच म्हणाले. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी ते इथंच शिकत होते, दिव्यांची पाटी बघायला पहिल्या रांगेत उभे होते. मला आठवतंय, त्यांना आठवलं की नाही देव जाणे.

“बैठक पुढं ढकला,” ते उठून म्हणाले. “पाया खणून बघू. पण दुसऱ्या माणसाकडून.”

सांगलीहून एक वयस्कर इंजिनिअर आले. त्यांनी चहा नको म्हटलं आणि थेट खड्ड्यात उतरले. तीन ठिकाणी पाया उघडा करून बघितला, वर आले आणि म्हणाले, “हा पाया अजून दोन इमारती पेलेल. दोष त्या लोखंडाचा आहे. कमान परत चढवा, जुन्या चुन्यात.” पाडायचा ठराव त्याच आठवड्यात रद्द झाला.

ऐकलंत ना? दोष लोखंडाचा. माझा नव्हता! मी गवतात पडल्या पडल्या सुटकेचा असा श्वास टाकला की बारदानावरची एक मुंगी थांबली असावी.

पुढचे दिवस मजेत गेले. शिडीवर चढून जे काढायचं होतं ते आता गवतात मांडी घालून काढता येत होतं. प्रांजल आणि मैत्रिणी आमच्याभोवती बसल्या आणि आम्हाला उतरवून घेतलं, या खेपेला कागदावर. माझ्या पाठीवरचं हरण प्रांजलनं दोनदा काढलं, पहिल्या वेळी पाय आखूड झाले म्हणून.

परत चढवताना राजेश्वरीनं कोंडीबाला विचारलं, “वरच्या दगडांवर गेरूनं आकडे घातलेत, खालच्यांवर का नाहीत?”

“त्यास्नी कशाला? पोरांनी घातल्यात की! ह्या दगडावर ‘गुं’ हाय, म्हंजी ‘डा’वाला शेजारचा. आपोआप जुळतंय.”

घ्या! ज्या ओरखड्यांवर मी आयुष्यभर चिडलो, त्यांच्यावरूनच माझे भाऊबंद आपापल्या जागी गेले. गुंडा, तू कुठं असशील तिथं सुखी राहा बाबा. माझे सगळे बोल मी मागं घेतो. इतरांनी मात्र हे ऐकून कंपास काढू नये.

सगळ्यात शेवटी मी. गूळ घातलेल्या चुन्यात कोंडीबानं मला बसवलं, वरून लाकडी हातोड्यानं दोन ठोके दिले. पाठीवरचं हरण पुन्हा भिंतीत गेलं. पण या खेपेला ते हरवलं नाही. ग्रंथालयात काचेच्या चौकटीत त्याचं चित्र लावलंय. खाली लिहिलंय, कोणा अनाम पाथरवटाचं काम. नाव अर्जुना होतं, हे मी आज तुम्हाला सांगून टाकलं.

तर असं आहे सगळं. मी माझ्या जागी आहे, वीस जण पुन्हा माझ्यावर रेललेत आणि कुशीत काही टोचत नाही. एक मागणं आहे. तुमच्याही गावात माझ्यासारखे कुणी भेगाळून उभे असतील. त्यांना पाडायच्या आधी कुणीतरी जवळ जाऊन बघा. खाली उभं राहून फोटो काढून चालत नाही.

परवा वर्ग भरला होता. नव्या बाईंनी फळा भरून लिहिलं आणि आतून खणखणीत आवाज आला, “उतरवून घ्या!” खाली स्टुलावर डुलकी काढणारा धनाजी ताडकन उठला. भेदरून त्यानं वर माझ्याकडं बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं. छातीवर हात ठेवून तो हसला आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला,

“तुला न्हाई रं. तू बस.”